भंगारातील सोने आणि त्याची खरी किंमत

घरातील जुना संगणक किंवा बंद पडलेला मोबाईल भंगारवाल्याच्या स्वाधीन केला, त्याने चार पैसे हाती ठेवले, की आपल्या लेखी तो व्यवहार संपतो. वस्तूचा प्रवास मात्र तेथून सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर संकलन व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्के कचऱ्याची आहे. उर्वरित कचऱ्याचा मोठा भाग विकसनशील देशांतील असंघटित कारागिरांच्या हातून जातो. आपल्या देशातील त्याची सर्वपरिचित उदाहरणे म्हणजे दिल्लीतील सीलमपूर व उत्तर प्रदेशातील मुरादाबाद.

कौशल्याचा बाजार

ईशान्य दिल्लीतील सीलमपूरच्या अरुंद गल्ल्यांत जुनी यंत्रे येतात आणि त्यांचे भाग सुटे केले जातात. चालू स्थितीतील भाग दुरुस्तीच्या बाजारात जातात. लोखंड, ॲल्युमिनियम, प्लास्टिक यांचे वेगवेगळे ढीग होतात व प्रत्येकाला स्वतंत्र गिऱ्हाईक असते. हातोडी, पक्कड व पेचकस एवढ्याच साधनांनी होणारे हे काम मुळीच कमी प्रतीचे नव्हे. सरसकट चुरा करणाऱ्या यंत्रापेक्षा सराईत हात मौल्यवान भाग अधिक नेमकेपणाने वेगळे करू शकतो. घरोघर फिरून माल गोळा करण्यातही या साखळीची बरोबरी करणे अवघड आहे.

धोका पुढच्या पायरीवर

खरे संकट पुढील टप्प्यात आहे. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात. त्यांवरील पीव्हीसीच्या आवरणातून डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये धुरात मिसळतात. सर्किट बोर्ड तापवून जोडकामातील शिसे व कथील वितळवतात आणि चिप काढून घेतात. सोन्याचा मुलामा सोडवण्यासाठी तीव्र आम्लांचा वापर होतो व उरलेले द्रावण बहुधा गटारात किंवा मातीत जाते. एवढे करूनही धातूंचा बराच अंश हाती लागत नाही. आधुनिक शुद्धीकरण प्रकल्पात सोन्याचे प्रमाण याहून कितीतरी अधिक मिळते. टोकियो ऑलिंपिकची पदके घडवण्यासाठी जपानने नागरिकांकडून जमवलेल्या जुन्या उपकरणांतून सुमारे ३२ किलो सोने मिळवले, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

मुरादाबाद ही पितळेची नगरी. तांबे ओळखणारे, भट्टी पेटवणारे हात तेथे पूर्वीपासूनच होते. म्हणून सर्किट बोर्डांचा ओघ तिकडे वळला. बोर्ड जाळून उरलेली राख दळून, चाळून व धुऊन त्यातील धातू काढले जातात. रामगंगेच्या काठी साचलेल्या या काळ्या राखेची दखल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणालाही घ्यावी लागली. शिशामुळे बालकांच्या मेंदूच्या वाढीवर, तर कॅडमियममुळे मूत्रपिंडांवर दुष्परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ई-कचऱ्यामुळे मुलांच्या आरोग्यास असलेल्या धोक्याविषयी स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

भाव जास्त का मिळतो?

परवानाधारक प्रक्रियाकाराला धूर व सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च सोसावा लागतो. असंघटित भट्टीवाल्याच्या वहीत हा खर्च लिहिलाच जात नाही. म्हणून कबाडी रोखीने अधिक भाव देऊ शकतो. तो खर्च टळलेला नसतो. भट्टीवरील मजूर, त्याची मुले व नदीकाठची वस्ती तो आपल्या आरोग्यातून फेडत असतात.

भारतात ई-कचऱ्याविषयीचे स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून अमलात आले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उपकरणांच्या यादीत १०६ प्रकार समाविष्ट केले व पुनर्प्रक्रियेचे ठरावीक उद्दिष्ट पूर्ण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. या कामातील मजुरांची नोंदणी, त्यांचे गट व प्रशिक्षण यांची जबाबदारी राज्य शासनाकडे आहे. ही तरतूद कागदावर राहू नये, यातच प्रश्नाचे मर्म आहे. केवळ छापे घालून भट्ट्या बंद केल्यास त्या दुसऱ्या वस्तीत पेटतात. संकलन व सुटे भाग करण्याचे काम याच कारागिरांकडे ठेवून सर्किट बोर्ड व तारा मात्र परवानाधारक प्रकल्पाकडे पाठवणे, हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ई-कचऱ्याचेही संकलन करते. असंघटित हातांना व्यवस्थेत सामावून घेता येते, याचा तो दाखलाच होय.

ग्राहकाने काय करावे?

उपकरण दुरुस्त होण्याजोगे असल्यास प्रथम दुरुस्तीचा विचार करावा. टाकून द्यायचेच असल्यास उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्राकडे अथवा नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडे द्यावे व पावती मागावी. फुगलेली बॅटरी कधीही टोचू नये वा केराच्या डब्यात टाकू नये. मोबाईल देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे, बँकेच्या ॲपमधून बाहेर पडून ते काढून टाकावे आणि संपूर्ण माहिती पुसणारी 'रीसेट' सुविधा वापरावी. संगणकातील फाइल नुसती 'डिलीट' केल्याने ती कायमची नष्ट होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

जुन्या वस्तूचे शंभर रुपये कमी मिळाले, तर ती हानी मानू नये. जो खर्च एरवी दुसऱ्या कोणाच्या माथी जातो, त्यातील आपला वाटा आपण उचलला, एवढाच त्याचा अर्थ.