विमानाचे भाग बनवणारी कंपनी : सायबर धोका मोजायचा कसा?

ब्रह्मोस एरोस्पेसचे मुख्यालय दिल्लीत आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा रडार बनवणारा कारखाना गाझियाबादला. अशा विमान व संरक्षण उद्योगांना सुटे भाग पुरवणारी कंपनी निवडताना किंमत आणि दर्जा तपासतातच, आता सायबर सुरक्षाही तपासावी लागते. पण दोन कंपन्यांचा धोका ताडून पाहायचा कसा?

युरोपातील दोन घटना पाहा. ऑस्ट्रियाच्या एफएसीसी कंपनीत जानेवारी २०१६ मध्ये प्रमुखाच्या नावाने बनावट ईमेल आला आणि लेखा विभागाने सुमारे ५ कोटी युरो परक्या खात्यांत भरले. उत्पादन मात्र सुरू राहिले. जून २०१९ मध्ये बेल्जियमच्या ॲस्को कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. चार देशांतील उत्पादन बंद पडले, सुमारे १,००० कामगारांना घरी बसावे लागले. दोन्ही कंपन्या विमानांचेच भाग बनवतात. पण एकीत पैसे देण्याची पद्धत कच्ची निघाली, तर दुसरीत संगणकांचे जाळे कोलमडले.

धोका म्हणजे हल्ल्याची शक्यता आणि त्यातून होणारे नुकसान यांचा गुणाकार. काही संस्था इंटरनेटवरून पाहणी करून कंपन्यांना गुण देतात. जुने सॉफ्टवेअर, उघडी राहिलेली पोर्ट, ईमेलची पडताळणी एवढे बाहेरून दिसते. म्हणजे शक्यतेचा काही अंदाज येतो. नुकसानाचा येत नाही. सीएनसी यंत्रे कार्यालयीन नेटवर्कपासून वेगळी आहेत का, बॅकअपवरून काम पुन्हा सुरू करून पाहिले आहे का, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. अनेक यंत्रांचे नियंत्रक संगणक जुन्या प्रणालीवर चालतात. ती बदलायची तर उत्पादन थांबवून यंत्राची अचूकता पुन्हा तपासावी लागते. त्यामुळे ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

शिवाय कंपनीचा धोका तिच्या कुंपणापाशी संपत नाही. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती फुटली ती सीटा या सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेतून. जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांना त्याची झळ बसली. विमानाच्या आराखड्याचेही तसेच आहे. तो छोट्या पुरवठादाराच्या संगणकावर पोहोचला, की त्या संगणकाएवढाच सुरक्षित उरतो. म्हणून मोठ्या खरेदीदाराने पुरवठादाराला नुसती प्रश्नावली धाडू नये. सुरक्षेच्या खर्चातही वाटा उचलावा.

दिल्लीतील सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दोन बंधने घातली : हल्ला लक्षात येताच ६ तासांत कळवायचे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपायच्या. तुलनेसाठीही वेळेचे असेच निकष मोलाचे आहेत. घुसखोरी किती वेळात लक्षात आली, काम किती वेळात सावरले, हे विचारावे. हल्ल्याची एकही नोंद नसलेली कंपनी सुरक्षित असेलच असे नाही. कदाचित तिथे कोणी नोंदच ठेवत नसेल. हल्ला वेळेत ओळखून तो कळवणाऱ्या कंपनीला म्हणूनच गुण कापून शिक्षा देता कामा नये.