जुनी रेंजफाइंडर लेन्स, नवी बॉडी

आधी मिलिमीटर पाहा. रेंजफाइंडर लेन्सचा लायका एम माउंट (१९५४) सेन्सरपासून २७.८ मिमीवर बसतो. सोनी ई १८, निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७ मिमीवर. उरलेल्या जागेत अडॅप्टर मावतो, त्यात काच लागत नाही. स्क्रूवाल्या एम३९ लेन्सला आणखी १ मिमीची रिंग लावली की झालं.

खरी गोम सेन्सरवरच्या काचेत आहे. रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येतं, त्यामुळे कडेचे किरण फार तिरके पडतात. काच जाड असेल तर कोपरे फिस्कटतात. सोनीच्या फुलफ्रेम बॉडीत २८ मिमीच्या खालच्या जुन्या लेन्सचा हा त्रास जास्त. निकॉन झेडची काच पातळ, म्हणून तिथे कमी. ५० मिमी मात्र कुठेही लावा.

फुजीसारख्या लहान सेन्सरच्या (एपीएस-सी) बॉडीत कोपरे मुळातच कापले जातात, पण ३५ची लेन्स ५२ मिमीसारखी दिसते. गल्लीबोळात फिरणाऱ्याला ते खटकेल.

सोव्हिएत ज्युपिटर-१२ लेन्स स्वस्तात मिळाली तरी जरा थांबा. तिचं मागचं भिंग इतकं आत घुसतं, की काही बॉडींत शटरवर आपटायची भीती.

रेंजफाइंडर लेन्स बहुधा ०.७ ते १ मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही. लेन्स पुढे सरकवणारा हेलिकॉइडवाला अडॅप्टर घ्या, म्हणजे चहाचा कपही टिपता येईल. आणि मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय असेल तर तो चालू करा. नाहीतर शटर चालणार नाही आणि नवी बॉडी बिघडली म्हणून दुकान गाठाल!