प्रागचा पेला, पेठेपेठेतून

सकाळी ९. मराठी मंडळींना प्राग दाखवणं हे माझं काम. गट यायच्या आदल्या दिवशी मी एकटाच फिरतो. कार्लीनमधल्या एका होस्पोदासमोर, म्हणजे इथल्या बिअरच्या खानावळीसमोर, प्ल्झेन शहराहून आलेला टँकर उभा आहे. जाड नळीतून बिअर तळघरातल्या टाक्यांत उतरते आहे. ही पाश्चराइज न केलेली बिअर टाकीत पिशवीत असते. पिशवीवर बाहेरून हवेचा दाब दिला की बिअर तोटीला चढते. हवा तिला शिवतसुद्धा नाही. १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने प्ल्झेनमध्ये जी सोनेरी बिअर पहिल्यांदा केली, तिचाच हा वंश.

११. नोवे मेस्तो, उ फ्लेकू. १४९९पासून बिअर इथेच बनते; स्वतःची काळी लागर. अकॉर्डियन, पर्यटकांची गर्दी. एकदा बघावं.

दुपारी ३. हुसोवा रस्त्यावरचं उ झ्लातेहो तिग्रा आता उघडतं, रांग मात्र आधीच लागलेली. लेखक बोहुमिल ह्राबाल इथले रोजचे होते. १९९४मध्ये तेव्हाचे चेक राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी बिल क्लिंटन यांना इथेच आणलं. नेहमीच्यांची टेबलं राखीव, म्हणून मिळेल त्या बाकावर अनोळखी माणसाला खेटून बसायचं. पेला न मागता येतो, चिठ्ठीवर रेघ पडते. पुरे झालं की पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची.

माझी नजर वीचेप्नीच्या, तोटीवरच्या माणसाच्या, हातांवर. तो पेला गार पाण्याने विसळतो, तिरका धरतो, आधी दाट ओला फेस सोडतो आणि मग त्या फेसाखाली बिअर. तीन बोटं फेस म्हणजे ह्लादिन्का, जवळजवळ सगळा फेसच ते म्लीको. मी श्नित घेतो, त्यात बिअर कमी. पुढे चालायचं आहे. आपली माणसं फेस बघून ‘माप मारलं’ म्हणतात. पण त्या फेसाखालीच बिअर ताजी राहते. टाकी एकच असली तरी हात बदलला की चव बदलते, हे मी ठामपणे सांगतो.

५. ह्राद्चानी, उ चेर्नेहो वोला. प्राग किल्ल्याची गर्दी हाकेच्या अंतरावर; आत कोझेल बिअर आणि लाकडी बाकं.

७. लेत्नाच्या टेकडीवर चेस्टनटच्या झाडांखाली बाबागाड्या, कुत्री, प्लास्टिकचे पेले, आणि खाली व्लतावा नदीवरचे पूल. न पिणाऱ्यांनी होस्पोदांत कोफोला मागावा. १९६०पासूनचं हे चेक पेय गटातल्या काकूंना फार आवडतं.

रात्री ९. झिझ्कोव, जुनी कामगारवस्ती. उतोपेनेत्स, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरलेलं सॉसेज, आणि पाव. दहाला बाहेरच्या खुर्च्या आत जातात, कारण वरच्या मजल्यांवर माणसं झोपतात. रात्री दहा ते सकाळी सहा टोळक्यांना पबामागून पब फिरवण्याच्या सहलींवर शहराने २०२४मध्ये बंदी घातली. योग्यच केलं.

प्रागला आलात तर एका संध्याकाळी एकच पेठ धरा, एकाच होस्पोदात बसा, आणि जमलं तर तोटी दिसेल अशी जागा मागा.