टपरीवरचा केसपेपर

दुपारचे चार वाजले की हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या काचेच्या इमारतींतून गळ्यात ओळखपत्र अडकवलेले घोळके बाहेर पडतात आणि रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर येतात. गप्पा रोजच्याच असतात.

‘‘मामा, चार कटिंग. त्यातला एक बिनसाखरेचा.’’

‘‘बिनसाखरेचा कुणाला रे?’’

‘‘मला. रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरवर आलीय.’’

‘‘बॉर्डरवरच ना? मग कशाला टेन्शन घेतोस!’’

‘‘माझी मान सकाळपासून हँग झालीय.’’

‘‘रीस्टार्ट करून बघ.’’

‘‘रात्री दीडला प्रॉडक्शनचा इश्यू आला. तीन तास झोपलो असेन.’’

‘‘मला तर आठवडाभर अ‍ॅसिडिटी आहे. आत्ता गेटपासून इथवर आलो तरी छातीत भरून आलं. बसल्यावर बरं वाटलं.’’

‘‘रोज रात्री बिर्याणी मागवल्यावर दुसरं काय होणार?’’

हशा होतो, कप रिकामे होतात, कुणाचा तरी फोन वाजतो आणि घोळका परत लिफ्टकडे वळतो. रुग्णालयात आलेल्या माणसाला डॉक्टर जे विचारतात, ते सगळे या दहा मिनिटांत सांगून झालेले असते : काय होते, कधीपासून होते, कशाने वाढते, कशाने थांबते. केसपेपरवरची ही माहिती टपरीवर रोज फुकट मिळते. फक्त ती कुणी लिहून घेत नाही.

खुर्चीचा हिशेब

आयटीतल्या माणसाचा दिवस बसण्यात जातो. वाकडच्या पुलाजवळच्या किंवा भूमकर चौकातल्या कोंडीत गाडीत बसायचे, मग कार्यालयात आठ-नऊ तास खुर्चीत बसायचे आणि त्याच कोंडीतून बसूनच परत यायचे. जेवणसुद्धा अनेकदा स्क्रीनसमोरच होते.

बसल्यावर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ निष्क्रिय असतात. हे स्नायू शरीरातल्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत. ते हलू लागले, की इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. ते थंड पडले, की जेवणातून आलेली साखर आणि चरबी रक्तात जास्त वेळ रेंगाळते.

बैठ्या कामाचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच शहरात काम करणारे. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार अधिक होता आणि जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. पुढे १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांवरून असेही दिसले, की ड्रायव्हरांच्या कंबरेचा घेर मुळातच मोठा होता. म्हणजे सगळा दोष एकट्या खुर्चीचा नव्हता, पोटाचाही होता. मात्र त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी हालचालीचे महत्त्व पक्के केले.

यावरचा उपाय फार अवघड नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये जास्त वजनाच्या, बैठी जीवनशैली असलेल्या लोकांना गोड पेय देऊन काही तास बसवून ठेवले. दुसऱ्या वेळी त्यांना दर २० मिनिटांनी उठवून केवळ दोन मिनिटे सावकाश चालायला लावले. एवढ्यानेच रक्तातली साखरवाढ सुमारे पाव हिश्श्याने कमी झाली. टपरीपर्यंत चालत जाणे हा वेळेचा अपव्यय नाही, ते औषधच आहे. मात्र हा डोस दिवसातून एकदा पुरत नाही. फोनवरचा कॉल उभ्याने घेणे, पाण्याची बाटली लहान ठेवून ती वारंवार भरायला जाणे, दोन मजल्यांसाठी लिफ्ट न वापरणे, अशा तऱ्हेने तो दिवसभर विभागून घ्यावा लागतो.

मानेचे आणि डोळ्यांचेही तसेच आहे. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी वेळा लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा सोपा नियम त्यासाठीच आहे. लॅपटॉप मांडीवर किंवा खालच्या टेबलावर असला, की मान तासन् तास वाकून राहते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणून कीबोर्ड वेगळा जोडला, तर अर्धी तक्रार तिथेच कमी होते. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल होत असेल, तर मात्र मसाज करवून घेत बसू नये, तपासून घ्यावे. त्यामागे मानेतली किंवा मनगटातली दबलेली नस असू शकते, तसाच मधुमेह किंवा बी-१२ची कमतरताही असू शकते.

बारीक दिसणारा जाड माणूस

‘मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होईल?’ हे टपरीवरचे आणखी एक ठरलेले वाक्य. त्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स सारखाच होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापात मोजत होता, शरीर मात्र वेगळे होते. भारतीय माणूस हातापायांनी काटकुळा दिसतो आणि चरबी पोटात साठवतो.

म्हणून काट्यापेक्षा टेप जास्त खरे बोलते. कंबरेचा घेर पुरुषात ९० सेंटिमीटर आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर ओलांडू लागला, की सावध व्हावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. बिनसाखरेचा कटिंग मागणारा तो तरुण या दुसऱ्या गटातला.

त्याचे मित्र म्हणतात तशी बॉर्डर ही निर्धास्त राहण्याची जागा नाही. पण तिथून परतता येते, हीसुद्धा तितकीच खरी गोष्ट आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन सुमारे सात टक्के कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चहातली साखर सोडणे ही त्याची चांगली सुरुवात आहे. कपाला दोन चमचे धरले, तर दिवसाच्या पाच कपांतून चाळीसेक ग्रॅम साखर नुसती चहातूनच पोटात जाते.

घड्याळ अमेरिकेचे, शरीर इथले

न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहाला ठरलेली बैठक उन्हाळ्यात इथे साडेसातला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच कॉल इथे साडेआठला येतो. घरचे जेवण, मुलांचा अभ्यास, झोप, सगळेच तासभर पुढे सरकते. शरीराला मात्र असे घड्याळ नाही. उजेड-अंधारावर चालणारे मेंदूतले घड्याळ झोप, रक्तदाब आणि इन्शुलिन यांची वेळ ठरवते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि इन्शुलिनचा परिणाम घटतो. रात्री साडेअकराला मागवलेली बिर्याणी शरीराला दुपारच्या बिर्याणीपेक्षा जड जाते, ती यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. ‘आम्ही रोज अकरा तास बसतो’ हे टपरीवर अभिमानाने सांगितले जाते. हृदयाच्या हिशेबात ते कर्ज म्हणूनच लिहिले जाते.

ही अ‍ॅसिडिटी नव्हे

आता त्या चौथ्या मित्राकडे वळू. बिर्याणीच्या विनोदात त्याचे एक वाक्य वाहून गेले : चालताना छातीत भरून आले, बसल्यावर बरे वाटले.

चालताना हृदयाला जास्त रक्त लागते. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, तर ते पुरत नाही आणि छातीत दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळ जाणवते. थांबले, की काही मिनिटांत ते ओसरते. अ‍ॅसिडिटी जेवणाशी, आडवे होण्याशी जोडलेली असते. गेटपासून टपरीपर्यंतच्या चालण्याशी नव्हे. चालताना येणारी आणि बाकड्यावर बसल्यावर जाणारी ‘अ‍ॅसिडिटी’ हृदयाची आहे असे समजूनच त्याच दिवशी तपासून घ्यावी.

‘या वयात कुठे?’ असे कुणी म्हणेल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे निघाले, इतर देशांत जवळपास ५९. सरासरी ५३ म्हणजे त्याआधीचेही पुष्कळ आले. तरुणांच्या झटक्यामागे सर्वांत ठळकपणे आढळणारी गोष्ट म्हणजे सिगारेट, आणि चहाबरोबरचा सुट्टा हा टपरीवरचा सर्वांत महागडा जिन्नस आहे.

बसलेले असतानाही छातीत दाब येत असेल, तो जबडा, पाठ किंवा डाव्या हातात जात असेल, घाम सुटत असेल, तर गोळी घेऊन वाट पाहू नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम, मळमळ किंवा विलक्षण थकवा असू शकतो. अशा वेळी रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. १०८ला फोन करावा किंवा सोबत्याने त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. पहिला ईसीजी ठीक आला, तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबावे. झटका कधी कधी दुसऱ्या ईसीजीत दिसतो. बंद रक्तवाहिनी लवकर उघडली, तर हृदयाचा स्नायू वाचतो. गेलेला स्नायू परत येत नाही.

अपघात विभागात अशा तरुणाला घेऊन येणारे बहुधा कार्यालयातले मित्रच असतात. बायको, आईवडील गावाकडून निघालेले असतात. डॉक्टर विचारतात, आधी काही त्रास होता का? मित्र एकमेकांकडे बघतात. ‘‘म्हणत होता तो. पण आम्हाला वाटलं, अ‍ॅसिडिटी असेल.’’

कोण आले नाही?

तब्येतीचे खरे बोलण्याची जागा अनेकांसाठी टपरीच असते. घरी काळजी नको म्हणून सांगितले जात नाही आणि साहेबापुढे अप्रेझलच्या भीतीने बोलले जात नाही. म्हणून तिथे कोण काय बोलतो याबरोबरच कोण यायचा थांबला, हेही पाहावे. प्रोजेक्ट संपल्यावर बेंचवर बसलेला, नोकरी जाण्याच्या धास्तीने झोप उडालेला मित्र आधी चहा टाळतो, मग बोलणे. घरून काम करणाऱ्याचे गप्प होणे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याला एक फोन करावा. मदत हवी असेल, तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

गप्पा, थट्टा आणि कटिंग चालूच राहावेत. ते माणसाला खुर्चीतून उठवतात आणि एकटे पडू देत नाहीत. फक्त मित्र छातीला हात लावून काही म्हणाला, तर पुढचे वाक्य बिर्याणीचे नसावे. ‘‘कधीपासून? चालताना होतं का?’’ एवढे विचारावे आणि उत्तर ‘हो’ आले, तर त्याला घेऊन थेट रुग्णालय गाठावे. ईसीजी काढायला एक कटिंग संपण्याइतकाही वेळ लागत नाही.