कोहबराची रेषा स्थानकावर

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी हा मिथिलेत सीतारामांच्या विवाहाचा दिवस. आपण कीर्तनात सीतास्वयंवराचे आख्यान ऐकतो. मिथिलेच्या स्त्रियांनी ते भिंतीवर रेखिले. वधूवरांच्या कोहबरघरात कमळ, बांबू, मासे, कासव काढावयाचे, ही तेथील कुलरीत. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली, तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही चित्रे पडली. पुढे १९६६-६७ च्या अवर्षणात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या स्त्रियांच्या हाती कागद दिला आणि मंगलरेषा पोटाचा आधार झाली. जितवारपूरच्या जगदंबादेवींना १९७५ मध्ये पद्मश्री लाभली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये स्थानिक कलावंतांनी श्रमदानाने मधुबनी स्थानकाच्या भिंती रंगविल्या. २०१८ च्या रेल्वेस्पर्धेत त्यास दुसरे पारितोषिक मिळाले. पहिले आपल्या बल्लारशाह-चंद्रपूरला.

अंतर्गृहातील चिन्ह चव्हाट्यावर आले म्हणून त्याचे पावित्र्य उणावले काय? ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणिला, त्याने गीतेचे तेज उणे झाले नाही. ते घरोघरी पोहोचले. मात्र श्रोतेहो, स्थानक रंगले आणि कोहबराची भिंत कोरी राहिली, असे होता कामा नये. शाखा कितीही पसरोत, ओल मुळाशीच हवी.