मिरगीला ‘दैवी आजार’ न मानणारे युनानी हकीम

घरात कुणाला फिट आली की आजही आपल्याकडे चप्पल किंवा कांदा नाकाशी धरायची धावपळ होते. मग कुजबुज सुरू होते : सावट असेल, नजर लागली असेल, कुणीतरी काहीतरी केलं असेल. डॉक्टरांचा नंबर बऱ्याचदा शेवटी लागतो. प्राचीन ग्रीक, म्हणजे आपण ज्यांना युनानी म्हणतो, त्यांच्याकडेही असंच होतं.

ते मिरगीला चक्क ‘पवित्र आजार’ म्हणत. रुग्ण बकरीसारखा ओरडला तर एका देवतेने धरलं, घोड्यासारखा आवाज आला तर दुसऱ्या, तोंडाला फेस येऊन पाय झाडले तर तिसऱ्या! मांत्रिकांचे उपायही ठरलेले होते. मंत्र म्हणा, आंघोळ करू नका, काळे कपडे घालू नका, बकरीच्या कातड्यावर झोपू नका.

इ.स.पूर्व ४००च्या सुमारास एका युनानी हकीमाने या सगळ्याला लेखी आव्हान दिलं. तो ग्रंथ हिप्पोक्रेटिस, म्हणजे उर्दूतला बुकरात, याच्या नावावर आहे. बुकरातचा जन्म इ.स.पूर्व ४६०च्या आसपास कोस बेटावर झाला. त्याच्या नावाने सुमारे ६० ग्रंथ सांगितले जातात. ते सगळे त्यानेच लिहिलेले नाहीत, पण विचारांची परंपरा त्याचीच.

या हकीमाची मांडणी साधी होती. बकरीच्या कातड्याने मिरगी होत असेल, तर लिबियाच्या आतल्या भागातली सगळी माणसं आजारी असायला हवीत, कारण त्यांचं अंथरूण, कपडे, चपला, सगळं बकरीच्या कातड्याचंच असतं! आजाराचं मूळ त्याने मेंदूत सांगितलं आणि तो घराण्यात उतरू शकतो, हेही नोंदवलं. बकऱ्यांनाही हा आजार होतो, तेव्हा त्यांचं डोकं उघडून मेंदू पाहा, असं त्याने सुचवलं.

मेंदूत नेमकं काय बिघडतं, हे सांगताना मात्र तो चुकला. त्याने दोष बलगमला दिला. पण कारण शरीरात शोधायचं, ही वाट बरोबर होती. तो देव नाकारत नव्हता. आपलं अज्ञान देवाच्या नावाखाली झाकू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हा इल्म आपल्यापर्यंत आला तो बगदादमार्गे. ९व्या शतकात हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने जालिनूस (गॅलेन) या युनानी हकीमाचे ग्रंथ सुरयानी आणि अरबीत आणले. पुढे अबू बक्र राझी यांनी जालिनूसला उस्ताद मानूनही त्याच्या चुका दाखवणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या गल्लीतल्या ‘युनानी दवाखाना’ या पाटीमागे एवढा इतिहास आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे झटके येणारी एक स्त्री आल्याची हदीस बुखारीत आहे. त्यांनी तिला दोष दिला नाही की हिणवलं नाही. सब्र केल्यास जन्नतची खुशखबर दिली आणि बरं होण्यासाठी दुआ करण्याची तयारीही दाखवली. आजारावर उपचार करा, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. म्हणून दुआ जरूर करा, पण गोळ्या बंद करू नका.

झटका आला तर रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, तोंडात काहीही घालू नका. झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला तर लगेच दवाखान्यात न्या. बहुतेकांचे झटके नियमित औषधाने आटोक्यात येतात. तेव्हा फिट येते म्हणून मुलीची शाळा सोडवू नका. तिला तावीज बांधणारे खूप भेटतील. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणारं कुणीतरी घरातलंच असावं लागतं.