बिबट्या दिसला, मग पुढं काय?

मागच्या चैत्रातली गोष्ट. म्हशाजवळच्या एका पाड्यावर गटातल्या बायांबरोबर मी झुंजुमुंजूला मोहाची फुलं वेचायला गेले होते. सगळ्या वाकलेल्या. एक ताई हळूच म्हणाली, "मॅडम, उभ्या राहा." समोर बांधावर बिबट्या! त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि करवंदीच्या जाळीत शिरला. घरी येईपर्यंत माझे पाय थरथरत होते.

त्याच आठवड्यात एका ताईची शेळी गेली, गटाच्या कर्जातून घेतलेली. बैठकीत सगळ्या म्हणाल्या, "पिंजरा लावा, त्याला लांब नेऊन सोडा." मलाही तेव्हा ते पटलं होतं. पण लांब सोडल्यावर काय होतं, ते ऐका.

२००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्यानं त्याला बाहेर काढलं. संशोधक विद्या अत्रेय यांच्या पथकानं तो कुठं जातो हे कळावं म्हणून त्याच्या गळ्यात पट्टा बांधला, नाव ठेवलं आजोबा आणि त्याला आपल्या माळशेज घाटात सोडलं. तो तिथं थांबला नाही. कसाऱ्याकडचा रेल्वेमार्ग, नाशिकचा महामार्ग ओलांडत, महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला हात लावला नाही. २०११ मध्ये तो मेला, तोही महामार्गावर गाडीखाली.

घाटावर जुन्नरला मात्र उलटा अनुभव आला. तिथं पकडलेले बिबटे मोठ्या संख्येनं दुसरीकडं सोडले गेले. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, ते २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इथली मोकळी जागा दुसरा बिबट्या घेतो. म्हणजे पिंजऱ्यानं भीती संपत नाही, दुसऱ्या पाड्यावर जाते.

मग शेळी गेलेल्या बाईनं गप्प बसायचं का? मुळीच नाही. मेलेलं जनावर हलवू नका. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या. भरपाई हा आपला हक्क आहे. वनखात्याचा फोन नंबर १९२६. रात्री शेळ्या छप्पर असलेल्या, चारी बाजूंनी बंद गोठ्यात ठेवा. अंधारात बाहेर बसायला एकटीनं जाऊ नका, हातात बॅटरी ठेवा, बोलत जा. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून फुलं वेचताना एकीनं उभं राहून लक्ष ठेवावं. दिसलाच तर पळू नका, घेरू नका, त्याला वाट द्या.

जंगल आणि त्यातली जनावरं राखायला हवीत, असं मी म्हणते. पण त्याची किंमत एकट्या शेळीवालीनं मोजावी, हे मला मान्य नाही. म्हणून आमच्या गटानं त्या ताईच्या कर्जाचे हप्ते पुढं ढकलले आणि सगळ्यांनी मिळून तिचा गोठा बांधला. तुमच्या गटात काय ठरतंय, पुढच्या बैठकीत जरूर बोला.